डॉक्टर ताईंना विचारा : इस्ट्रोजेन कुणाला, कधी आणि कोणत्या रूपात?

या अंकासाठी आलेली पत्रं वाचताना लक्षात आलं की त्यातली बरीचशी एकाच औषधाभोवती फिरताहेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेईन आणि आजची सगळी जागा इस्ट्रोजेनला, म्हणजे बाईच्या अंडाशयात बनणाऱ्या आणि औषध म्हणूनही मिळणाऱ्या हार्मोनला, देते. माझ्या नागपूरच्या दवाखान्यात रोज दोन प्रकारच्या बायका भेटतात. एकींना ज्याची खरी गरज आहे ते औषध भीतीपोटी नको असतं. दुसऱ्या ते मेडिकलच्या दुकानातून आणून कुणालाही न विचारता घेत असतात. दोघींचंही नुकसान होतं आणि मला दोन्हींचं सारखंच वाईट वाटतं. इस्ट्रोजेन चांगलं की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. तुमचं वय किती, गर्भपिशवी आहे की काढलेली, औषध पोटातून जातं की कातडीतून, सोबत प्रोजेस्टेरॉन (गर्भपिशवीचं अस्तर वाढू न देणारं दुसरं हार्मोन) आहे का, या चार गोष्टी कळल्याशिवाय कुणीही तुम्हाला हो किंवा नाही सांगू नये. मीसुद्धा नाही. म्हणून डोस इथे देत नाही. पत्रलेखकांची ओळख नेहमीप्रमाणे काढून टाकली आहे.

प्रश्न : ताई, मी 49 वर्षांची आहे, मानेवाड्याकडच्या एका शाळेत शिकवते. पाळी बंद होऊन सव्वा वर्ष झालं. दिवसातून कितीतरी वेळा छातीतून वाफ निघाल्यासारखी वर चढते, चेहरा लाल होतो, ब्लाउज ओला होतो. नवतपा लागला तेव्हा घरचे म्हणाले, सगळ्यांनाच गरम होऊन राहिलं आहे, तुझंच काय वेगळं? रात्री कूलरसमोर झोपूनही तीनचारदा जाग येते. वर्गात बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही आणि मुलं बघत राहतात. डॉक्टरांनी हार्मोन्स सुचवले. नणंद म्हणते, त्यानं स्तनाचा कॅन्सर होतो, अमेरिकेत ते केव्हाच बंद पाडलं. बीपीची एक गोळी चालू आहे, बीपी ताब्यात असतो. घ्यावं की नाही?

उत्तर : नवतप्यात सगळ्यांना गरम होतं ते बाहेरून. तुम्हाला होतंय ते आतून, आणि ते जानेवारीच्या थंडीतही होईल. मेंदूत शरीराचं तापमान राखणारा एक छोटा भाग असतो. एरवी तो थोडी उष्णता कमीजास्त झाली तरी गप्प बसतो. रक्तातलं इस्ट्रोजेन उतरलं की तो फार हळवा होतो. किंचित तापमान वाढलं तरी 'शरीर तापलं' असा निरोप जातो, कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात, घाम फुटतो आणि पाठोपाठ हुडहुडी भरते. घरच्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा. हे मनाचे खेळ नाहीत. शब्द न आठवण्यामागे बहुतेक वेळा मोडलेली झोप असते. अमेरिकेतल्या 'स्वान' या दीर्घ पाहणीत या वाफा मध्यमानानं 7.4 वर्षं टिकलेल्या दिसल्या. त्यामुळे 'होईल दोन महिन्यांत कमी' असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आता नणंदबाईंचं म्हणणं. त्यांनी जे ऐकलंय त्यामागे खरी घटना आहे, म्हणून ती नीट सांगते. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा मोठा प्रयोग चालू होता. गर्भपिशवी असलेल्या 16,608 बायका त्यात होत्या. निम्म्यांना घोडीच्या मूत्रापासून बनवलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनचं कृत्रिम रूप) ही एकत्र गोळी, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. जुलै 2002 मध्ये तो मुदतीआधी थांबवला गेला आणि जगभर मथळे झळकले : स्तनाच्या कॅन्सरमध्ये 26 टक्के वाढ! एका रात्रीत लाखो बायकांनी गोळ्या फेकून दिल्या.

त्या 26 टक्क्यांमागचे आकडे असे. वर्षभरात दर 10,000 बायकांमागे गोळी न घेणाऱ्यांत 30 जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, घेणाऱ्यांत 38 जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. पक्षाघात आठ जास्त, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रकार आठ जास्त, हृदयविकाराचे सात जास्त. उलट बाजूला खुब्याचं हाड मोडणं पाच कमी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर सहा कमी. हे आठ म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणत नाही. त्या आठांतली एक आपल्या घरातली असू शकते. पण बाईला आकडा कळला तरच ती तिच्या त्रासाशी तो ताडून बघू शकते. नुसत्या टक्क्यानं फक्त घाबरवता येतं.

आणि मथळ्यांत न आलेली गोष्ट म्हणजे या बायकांचं सरासरी वय 63 होतं. अनेकींची पाळी जाऊन दहापंधरा वर्षं झालेली होती, रक्तवाहिन्यांत चरबीचे थर बसायला सुरुवात झालेली होती. पुढे वयानुसार आकडे वेगळे काढले तेव्हा दिसलं की साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करणाऱ्यांचं चित्र पुष्कळ सौम्य आहे. आपल्याकडे पाळी पाश्चात्त्य बायकांपेक्षा लवकर, साधारण 46-47 च्या सुमाराला जाते. तुम्ही 49 च्या, पाळी जाऊन सव्वा वर्ष. म्हणजे ज्या वयात फायदा जास्त आणि धोका कमी, नेमक्या त्या वयात तुम्ही आहात.

अमेरिकेत औषध बंद कधीच नव्हतं. उलट नोव्हेंबर 2025 मध्ये तिथल्या औषध नियामकानं या औषधांवरचा हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचा ठळक चौकटीतला इशारा काढण्याचा निर्णय जाहीर केला. यावरून लगेच 'आता सगळ्यांनी घ्या' असा सूर लागला तर तोही मला मान्य नाही. 2002 ला भीतीची लाट आली होती, आता उत्साहाची येईल. बाई मात्र एकेकटीच असते आणि तिचा विचार एकेकटीचाच करावा लागतो.

तुमच्यासाठी मी काय बघेन ते सांगते. आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का? तुमच्या स्वतःच्या पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली होती का? यकृताचा आजार, पक्षाघात, हृदयविकार? तुम्हाला स्वतःला स्तनाचा कॅन्सर झालेला असता किंवा पाळी गेल्यावर कारण न कळलेला रक्तस्राव असता, तर मी थांबले असते. बीपी ताब्यात असेल तर ती अडचण नाही. वजन, बीपी, साखर, चरबी, यकृताची तपासणी, ओटीपोटाची सोनोग्राफी, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि पॅप स्मिअर (गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी) एवढं आधी करून घ्या.

घ्यायचंच ठरलं तर बीपीवाल्या बाईला मी कातडीवर चोळायचं जेल सुचवते. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्यामुळे गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. जेल यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातं आणि नेहमीच्या मात्रेत हा धोका वाढलेला दिसलेला नाही. तुम्हाला गर्भपिशवी आहे, त्यामुळे सोबत प्रोजेस्टेरॉन लागेलच, त्यात सूट नाही. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन किंवा डायड्रोजेस्टेरॉन ही रूपं स्तनांच्या दृष्टीनं जुन्या मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनपेक्षा सौम्य असल्याचं फ्रान्समधल्या मोठ्या पाहणीत दिसलं. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वर्षांगणिक चढतो, म्हणून दरवर्षी बसून पुन्हा विचार करायचा : अजून गरज आहे का? पहिल्या दोनतीन महिन्यांत स्तन दुखणं, थोडं डाग पडणं, पोट फुगणं होऊ शकतं. वाफा मात्र साधारण तीन चतुर्थांश कमी होतात. याच्याइतकं चालणारं दुसरं औषध नाही.

ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी औषधं आहेत. त्यांनी थोडा फरक पडतो. आणि सावजीचा रस्सा, कडक चहा, रात्रीचं जड जेवण यांनी वाफा भडकतात असं बऱ्याच जणी सांगतात. तुमच्याही बाबतीत तसं आहे का, ते आठवडाभर लिहून बघा.

प्रश्न : वय 58, इतवारी. मैत्रिणीला हार्मोनच्या गोळीनं फार छान वाटलं म्हणून तिच्या चिठ्ठीवर मीही तीच आणली. दोन वर्षं घेते आहे, अंगात उत्साह आहे, गुडघेही कमी दुखतात. गेल्या महिन्यात दोनदा कपड्यावर लाल डाग दिसले. पाळी परत आली असेल का?

उत्तर : नाही. पाळी गेल्यावर वर्षानं दिसलेलं रक्त म्हणजे पाळी नव्हे, मग तो एकच डाग का असेना. गोळी बंद करा आणि या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. योनीमार्गातून सोनोग्राफी करून पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी बघतील. ती 4 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवावाच लागतो. गोळी घेत असताना रक्त दिसलंय म्हटल्यावर जाडी कमी असली तरी डॉक्टर तुकडा घेतील. त्याला नाही म्हणू नका.

मैत्रिणीला विचारा, तिची गर्भपिशवी काढलेली आहे का? मला वाटतं, असणार. पिशवी नसलेल्या बाईला एकटं इस्ट्रोजेन देतात, कारण वाचवायला अस्तरच नसतं. पिशवी असलेल्या बाईनं तेच एकटं घेतलं तर अस्तर वाढत राहतं आणि त्याचा कॅन्सर होऊ शकतो. हे 1975 पासून वैद्यकाला पक्कं ठाऊक आहे आणि म्हणूनच सोबत प्रोजेस्टेरॉन देतात. तुमच्या बाबतीत बहुधा साधं वाढलेलं अस्तर निघेल आणि औषधांनी ते आटोक्यात येईल. पण ते तपासूनच म्हणायचं. घरी लग्न आहे, पाहुणे आहेत, म्हणून पुढे ढकलू नका.

प्रश्न : माझं वय 66. लघवीला जळजळ, वर्षातून चारपाचदा इन्फेक्शन, दर वेळी अँटिबायोटिक. धंतोलीतल्या डॉक्टरांनी आत लावायचं इस्ट्रिऑल क्रीम दिलं. कागद वाचला तर कॅन्सर, पक्षाघात, सगळंच लिहिलेलं. ट्यूब तशीच पडून आहे.

उत्तर : लावा. त्या कागदावरचे इशारे पोटातून घ्यायच्या गोळ्यांचे आहेत, क्रीमच्या पाकिटातही तेच छापून आले. योनीमार्गात लावलेलं इस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचं सौम्य रूप) रक्तात अगदी नगण्य जातं, तिथल्या तिथे सुकलेली कातडी पुन्हा ओलसर आणि जाड करतं आणि वारंवार होणारं इन्फेक्शन त्यानं खरोखर कमी होतं. साठीनंतर हार्मोन नवे सुरू करू नयेत हा नियम याला लागू नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : नमस्कार ताई. मी काटोल तालुक्यातून लिहितो, बारावीत आहे. माह्या आईचं वय 37. दोन वर्षांआधी तिची पिशवी काढली. पांढरं जाणं बंद होत नव्हतं, तं डॉक्टरनं सांगतलं का ठेवली तं कॅन्सर होईन. तवापासून तिले झोप नाही. रातच्याला घामाघूम होऊन उठते, हाडं दुखते म्हणते, संत्र्याच्या तोडीले जाणं होत नाही. आता दुसऱ्या डॉक्टरनं हार्मोनची गोळी लिहून देल्ली. मामा म्हणते, ते घेऊ नोको, त्यानं कॅन्सर होते. काय करावं?

उत्तर : बाळा, आईसाठी तू पत्र लिहिलंस, तुझं मला फार कौतुक वाटलं. आधी एक काम कर. ऑपरेशनच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट शोध. नसेल तर त्या दवाखान्यात जाऊन माग. ते मिळणं तुमचा हक्क आहे. त्यात बघायचं ते एवढंच : नुसती पिशवी काढली की दोन्ही अंडाशयंही? आपल्याकडे 'पिशवी काढली' एवढंच सांगतात. त्या दोन शब्दांत काय काय निघून गेलं, हे बाईला कुणी सांगत नाही.

तू लिहिलेल्या लक्षणांवरून अंडाशयंही काढली असावीत असं वाटतं. तसं असेल तर जे आईच्या शरीरात दहा वर्षांत हळूहळू व्हायचं, ते एका दिवसात झालं. 35 व्या वर्षी इस्ट्रोजेन अचानक गेलं तर नुसत्या वाफा येत नाहीत. हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून इतक्या लहान वयाच्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असंच जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. इथे शरीरात असायलाच हवं होतं ते परत भरून देतो आहोत, जास्तीचं काही घालत नाही. मानेवाड्याच्या बाईंचा प्रश्न आणि तुझ्या आईचा प्रश्न एकच नाही. त्यांना त्रास सोसून औषध टाळायचं असेल तर टाळता येईल. तुझ्या आईनं टाळू नये.

मामांना सांग, वर जो अमेरिकेतला प्रयोग लिहिला त्याचा दुसरा भाग पिशवी काढलेल्या 10,739 बायकांवर झाला. त्यांना एकटं इस्ट्रोजेन दिलं होतं. तो भाग 2004 मध्ये पक्षाघात वाढल्यामुळे थांबवला, पण स्तनाचा कॅन्सर त्यात वाढला नाही. पुढची अनेक वर्षं त्या बायकांवर लक्ष ठेवलं, तर त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर उलट कमी दिसला. त्याही बायका पन्नाशीपुढच्या होत्या, तुझी आई 37 ची आहे. तिला प्रोजेस्टेरॉनची गरज नाही. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि जमेल तसं चालणं हवं. नागपूरला यायचं झालं तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग ओपीडीत सकाळी लवकर या, कागद सोबत आणा. बाहेरच्या खर्चाच्या मानानं तिथे फारच थोड्यात तपासण्या होतात.

पांढरं जाण्यासाठी पस्तिशीच्या बाईची पिशवी काढणं मला पटत नाही आणि हे मी स्पष्ट लिहिते. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली तेव्हा 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कॅन्सरची भीती घालून काढलेल्या पिशव्या तिथेच होत्या असं नाही. तुमच्या गावात कुणाला असा सल्ला मिळाला तर पॅप स्मिअर आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. गावातल्या आशाताईंनाही हे वाचायला दे.

प्रश्न : ताई, मी 29 वर्षांची, सासर महालात. दोन महिन्यांनी महालक्ष्म्या आहेत आणि तारखा बघता माझी पाळी नेमकी तेव्हाच येणार. सासूबाई म्हणतात, गोळी घे, सगळ्या जावा घेतात. मी सिकलसेलची पेशंट आहे, एसएस पॅटर्न, मेयोत दाखवते. ती गोळी इस्ट्रोजेनची नसते असं मेडिकलवाला म्हणाला. मग घ्यायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. घेऊ नकोस.

मेडिकलवाल्याचं म्हणणं पाकिटापुरतं बरोबर आहे. पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं. पण शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग एथिनिल इस्ट्राडिऑलमध्ये बदलतो, म्हणजे कुटुंबनियोजनाच्या गोळीत असतं त्याच जोरकस इस्ट्रोजेनमध्ये. पाळी ढकलायला ही गोळी दिवसातून तीनदा घ्यावी लागते आणि तेवढ्या मात्रेत हा बदललेला भाग एका गर्भनिरोधक गोळीच्या आसपास भरतो. सिकलसेलमध्ये, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजारात, रक्त मुळातच गोठण्याकडे झुकलेलं असतं. त्यात हे, वर पूजेच्या धावपळीत पाणी कमी, जागरण, उपास. तुला क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनांचा झटका, येण्यासाठी यापेक्षा वेगळं काही लागत नाही. अगदीच गरज पडली तर असं रूपांतर न होणारी दुसरी औषधं आहेत, पण ती मेयोतल्या तुझ्या डॉक्टरांनी ठरवायची, दुकानदारानं नाही.

एएस म्हणजे नुसती वाहक असलेल्या मुलींची गोष्ट वेगळी आहे, त्या आजारी नसतात. तरी हार्मोनची कुठलीही गोळी लिहून घेताना त्यांनीही रिपोर्ट दाखवावा. विदर्भात हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःहून विचारायला हवा. सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम जुलै 2023 मध्ये सुरू झाली, तपासण्या होताहेत, कार्डं मिळताहेत. ती कार्डं कपाटात ठेवू नका, पर्समध्ये ठेवा.

आता सासूबाईंना. ताई, सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं करायला घरात हात आहेत, जावा आहेत. तुमच्या सुनेनं या वर्षी मुखवट्यांना हात नाही लावला तर लक्ष्मी रुसणार नाही. मी स्वतः महालक्ष्म्या बसवणाऱ्या घरात वाढले आणि सणाच्या आठवड्यात या गोळीनंतर पाय सुजून आलेल्या तरण्या मुलीही तपासल्या आहेत. निरोगी मुलींनासुद्धा ही गोळी दरवर्षी, दर सणाला, डॉक्टरांना न विचारता देणं थांबवा. अर्धशिशीत डोळ्यापुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेषा येत असतील, घरात कुणाला गुठळी झाली असेल, वजन फार असेल किंवा सिगरेट चालू असेल, तर नकोच.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, अचानक बोबडी वळणं, हे दिसलं तर रात्र असो की पूजा चालू असो, थेट कॅज्युअल्टीत जा आणि कोणती गोळी घेतली ते आधी सांगा.

प्रश्न : डॉक्टर, मी 24 वर्षांची ट्रान्स मुलगी आहे, जरीपटक्याकडे राहते. घरी अजून मला मुलगाच समजतात. पाच महिन्यांपासून माला-डीच्या रोज चार गोळ्या घेते, इंटरनेटवर कुणी तरी लिहिलं होतं. छाती थोडी दुखते आहे, म्हणजे फरक पडतोय ना? आवाज मात्र बदलला नाही. एका डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, हे सगळं डोक्यातून काढ, मी तुला बरा करतो. सिगरेट दिवसाला पाचसहा. गेल्या आठवड्यात डाव्या पोटरीत दुखत होतं, मेट्रोच्या पायऱ्यांमुळे असेल. मी काय चुकतेय?

उत्तर : पोटरीबद्दल मी तुला फोनवर लगेच कळवलं होतं आणि डॉप्लर (शिरेतली गुठळी शोधणारी सोनोग्राफी) नॉर्मल आला हे ऐकून जीव भांड्यात पडला. गोळ्या तू थांबवल्यास हेही बरं केलंस. बाकीचं इथे लिहिते, कारण तुझ्यासारख्या अजून कितीतरी जणी हेच करत असणार.

आधी त्या डॉक्टरांचं. तू आजारी नाहीस, त्यामुळे 'बरं' करायचं काही नाही. असं 'बरं करणं' हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2022 मध्येच राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे. तिथे पुन्हा जाऊ नकोस.

माला-डीच्या एका गोळीत एथिनिल इस्ट्राडिऑल 0.03 मिलिग्रॅम आणि लिव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम असतं. पाकिटातल्या 28 पैकी सात गोळ्या तर नुसत्या लोहाच्या. चार गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक मात्रेच्या चौपट एथिनिल इस्ट्राडिऑल, वर सिगरेट. इस्ट्रोजेनच्या सगळ्या रूपांत हे गुठळीच्या दृष्टीनं सर्वांत वाईट. ॲमस्टरडॅमच्या केंद्रात पूर्वी ट्रान्स स्त्रियांना हेच देत असत. गुठळ्या भलत्याच वाढलेल्या दिसल्यावर ते सोडून दिलं. शिवाय लिव्होनॉरजेस्ट्रेलचा गुण थोडा पुरुषी हार्मोनकडे झुकणारा, म्हणजे तुला हवं त्याच्या उलट. आणखी एक : रक्तातली इस्ट्राडिऑलची, म्हणजे शरीरात बनणाऱ्या इस्ट्रोजेनची, नेहमीची चाचणी एथिनिल इस्ट्राडिऑल मोजत नाही. रिपोर्टमध्ये आकडा कमी दिसतो, मुलगी गोळ्या वाढवते आणि धोका आणखी चढतो.

योग्य मार्ग असा असतो. एन्डोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, इस्ट्राडिऑल देतात, गोळी किंवा जेल, आणि गुठळीचा धोका असेल तर जेलच. सोबत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दाबणारं औषध. स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर लघवी जास्त होते आणि पोटॅशियम चढू शकतं, म्हणून रक्त तपासत राहायचं आणि आपल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही. सायप्रोटेरॉन दिलं तर मात्रा कमीत कमी असावी. जास्त मात्रेत वर्षानुवर्षं घेतल्यास मेंदूच्या आवरणाची गाठ होण्याचा धोका वाढतो, असं युरोपच्या औषध संस्थेनं 2020 मध्ये बजावलं आहे. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. टेस्टोस्टेरॉन दर डेसिलिटरला 50 नॅनोग्रॅमच्या खाली आणि इस्ट्राडिऑल दर मिलिलिटरला 100 ते 200 पिकोग्रॅमच्या दरम्यान, हे साधारण लक्ष्य. त्याच्या वर गेलं म्हणजे जास्त बाई होता येतं असं नाही, फक्त गुठळी जवळ येते.

काय बदलेल? कातडी मऊ होणं, चरबी मांड्या-कुल्ल्यांकडे सरकणं, स्नायू उतरणं, स्तनांची वाढ, हे तीन ते सहा महिन्यांत सुरू होतं आणि पूर्ण व्हायला दोनतीन वर्षं लागतात. छाती दुखते आहे ती त्याच वाढीची सुरुवात. स्तन किती वाढतील हे बरंचसं तुझ्या घरच्या बायकांच्या अंगलटीवर आहे, गोळ्यांच्या संख्येवर नाही. आवाज इस्ट्रोजेननं बदलत नाही, कितीही घेतलंस तरी. एकदा फुटलेला आवाज स्वरयंत्राच्या सरावानं घडवावा लागतो, त्यासाठी स्पीच थेरपिस्ट असतात. दाढीचे केस विरळ होतात, जात नाहीत, त्यांना लेझर किंवा इलेक्ट्रॉलिसिस. कामेच्छा आणि ताठरता पहिल्या एकदोन महिन्यांतच कमी होऊ लागते. शुक्रजंतू घटतात आणि ते पुन्हा येतीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून आज मूल नको वाटलं तरी औषध सुरू करण्याआधी वीर्य गोठवून ठेवायचं का, याचा विचार कर. ही सोय नागपूरच्या वंध्यत्व केंद्रांत आहे.

सिगरेट सोडावीच लागेल. मला यात तडजोड दिसत नाही, कारण ती चालू ठेवून इस्ट्रोजेन देणारा डॉक्टर तुझं भलं करत नाही.

घरच्यांना केव्हा आणि कसं सांगायचं हे तूच ठरव, त्याची घाई नको. आईला सोबत आणावंसं वाटलं तर मी तिच्याशी बोलेन. एन्डोक्रायनॉलॉजिस्टकडे पहिल्यांदा जाताना आतापर्यंत काय काय घेतलंस ते तारखांसकट लिहून ने, डॉप्लरचा रिपोर्ट ने, घरात कुणाला गुठळी किंवा कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तेही विचारून ठेव. तपासणीआधी माला-डी पुन्हा सुरू करू नकोस, मध्ये महिनाभर गेला तरी चालेल.